दंडावरचा पासंग

माझ्या सासऱ्याचं आणि माझं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की सून आहे म्हणून तिखटमीठ लावून सांगतेय. तिखटमीठ लावायची गरजच नाही, माणूस मुळातच झणझणीत आहे. तोंडावर मी त्याला बाबा म्हणते, अहो-जाहो करते. मनात म्हातारा म्हणते, आणि इथे मनातलंच सांगायचं आहे.

बाजारात त्याला काटेवाले काका म्हणतात. तराजू, वजनं, मापं दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची पुढची खोली. भिंतीवर साखळ्यांनी टांगलेली पारडी, कपाटात पितळी वजनांच्या लाकडी पेट्या, आणि दाराशी पायाने फिरवायचं धार लावायचं चाक. तराजूची दांडी ज्या पोलादी धारेवर डुलते, ती धार बोथट झाली की काटा आळशी होतो. मग म्हातारा स्टुलावर बसतो, उजव्या पायाने खालची फळी दाबत राहतो, चाक गरगर फिरतं, आणि तो ती धार चाकाला हळूच टेकवतो. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही.

विजेवर चालणारे काटे आले, आकडे लाल दिव्यांत दिसायला लागले, तरी त्याचं काम थांबलं नाही. भंगारवाले, खिळे-मोळे विकणारे, बटाट्याचे घाऊक व्यापारी, सगळे अजून दांडीचाच तराजू वापरतात. आणि सगळे म्हाताऱ्याला घाबरतात. कारण काटा दुरुस्त झाला की तो मालकाला समोर उभा करतो आणि ओरडतो, "हात मागे!" मोठा पोट सुटलेला व्यापारी असो नाहीतर कालचा टपरीवाला, हात पाठीमागे बांधून शाळेतल्या पोरासारखा उभा राहतो. मग म्हातारा वजनं टाकून काटा तपासतो. तो म्हणतो, हात मोकळे असले की माणूस नकळत पारड्याला बोट लावतो, आणि नकळत लावणारे फार कमी असतात.

हलक्या पारड्याखाली एक छोटं वजन बांधून तराजू समतोल करतात, त्याला पासंग म्हणतात. कारागिराने उघडपणे बांधला तर ती दुरुस्ती. दुकानदाराने गुपचूप बांधला तर ती चोरी. म्हाताऱ्याने असे चोरटे पासंग किती पकडले असतील देव जाणे. पकडला की तो ओरडाआरडा करत नाही. भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत, तो पासंग सोडून त्या माणसाच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "हे तुमचं राहिलं." बस. तो माणूस पुढचं वर्षभर मान वर करत नाही. किराणावाल्यावर हा प्रसंग एकदा आला होता, आणि अजून तो आमच्या दारावरून जाताना चपलेकडे बघत जातो.

आता तुम्ही म्हणाल, किती सचोटीचा माणूस. आहेच. पण सचोटीच्या माणसाबरोबर एका घरात राहून बघा म्हणजे कळेल. मी बाजारातून आले की पिशवी आधी त्याच्या काट्यावर. "सूनबाई, कांदे कमी भरले. परत जा." मी ऐन उन्हात परत जायची, चार कांद्यांसाठी भांडायची, दोन कांदे मिळवून यायची. भाजीवाल्यांनी माझं नावच 'परतवाली' ठेवलं. एकदा मी म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना, केवढंसं ते." तर म्हणतो, "ज्याला केवढंसं कळत नाही त्याला काहीच कळत नाही. तुझी अक्कल माझ्या पासंगालाही पुरणार नाही." हे शेजारच्या बाईसमोर. मी ते अजून विसरलेले नाही.

माझा नवरा जहाजावर असतो. बापाची कटकट टाळायला समुद्राइतकी सोयीची जागा नाही. तो फोनवरून प्रेम करतो, फोनवरून काळजी करतो आणि फोनवरूनच मला झापतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

तर एके दिवशी मी धुवायला मोजे घेतले. मी लाँड्रीत कामाला आहे, गल्ल्यापाशी बसते, कपडे घेते, डाग बघते, चिठ्ठी लावते. डागांशी माझा रोजचा संबंध. चहाचा डाग वेगळा, गंजाचा वेगळा, रक्ताचा वेगळा. म्हाताऱ्याच्या उजव्या मोज्याच्या टोकाला पिवळट, कडक झालेला डाग होता. मी तो नाकाशी नेला आणि तसाच खाली टाकला.

"बाबा, पाय दाखवा."

"कशाला? धुवायला घेतेस का?"

"दाखवा म्हणते ना!"

अंगठ्याजवळ खोल जखम. पाच किलोचं वजन निसटून पायावर पडलं होतं, केव्हा तेही त्याला नीट आठवेना. दुखत नव्हतं म्हणाला. अहो, पाच किलो लोखंड पायावर पडतं आणि माणसाला दुखत नाही! साखरेने पाय बधिर होतात, हे मी ऐकून होते. साखरेचा त्रास त्याला कितीतरी वर्षांपासून. गोळ्या मनाला येईल तशा घ्यायचा, आणि गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी ठेवलेल्या बरणीतल्या लिंबाच्या गोळ्या स्वतःच चघळत बसायचा.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला तोडून टाकणारी. मला आवडली. तिने पाय बघितला आणि खुर्ची जवळ ओढली. "आजोबा, सरळ सांगते. साखर खाली आली तर ही जखम भरेल. नाही आली तर हाडापर्यंत जाईल, आणि मग पायाचा पुढचा भाग काढावा लागेल."

म्हाताऱ्याने फक्त एकच विचारलं. "उजव्याचाच?"

"उजव्याचाच."

त्याने पाय मागे ओढून घेतला. का ते मला कळलं. उजव्या पायाने चाक चालतं. चाक थांबलं की धार नाही, धार नाही तर काटा नाही, आणि काटा नाही तर हा माणूस उरतो तरी किती? बायको गेली तेव्हासुद्धा तो बाराव्या दिवशी चाकावर बसला होता. त्याच्याकडे दुसरं काही नाही.

रोज बोट टोचून रक्त तपासायला तो तयार होईना. बोटांच्या टोकांनी त्याला धार चाचपावी लागते, टोचून टोचून ती बधिर होतील म्हणाला. मग डॉक्टरीणबाईने एक पट्टी काढली. अंगठ्याच्या नखाएवढी, गोल, पांढरी. खालच्या बाजूने डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा बारीक सुया. "या रक्तापर्यंत जात नाहीत," ती म्हणाली. "कातडीच्या वरच्या थरात, तिथल्या पाण्यात राहतात. त्या पाण्यातली साखर मोजतात आणि फोनवर आकडा पाठवतात. दुखत नाही. आठवड्याने बदलायची." तिने ती त्याच्या डाव्या दंडावर मागच्या बाजूला ठेवून अंगठ्याने दाबली. म्हातारा तोंड वाकडं करायच्या तयारीत होता, पण वाकडं करण्यासारखं काही घडलंच नाही.

मग तिने एक गोष्ट सांगितली. मला शब्दन् शब्द आठवतो. "त्या कुशीवर झोपू नका, आजोबा. पट्टी दाबली गेली की तिथलं पाणी आटतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो." मी मान डोलावली. म्हाताऱ्यानेही डोलावली.

आकडे तीन ठिकाणी जायचे. माझ्या फोनवर, डॉक्टरीणबाईकडे आणि जहाजावर. पहिल्या आठवड्यात माझ्या फोनने नुसता उच्छाद मांडला. लाँड्रीत कुणाच्या कोटाचे खिसे तपासतेय तोच फोन किंचाळायचा. मी घरी फोन लावायची.

"काय खाल्लंत?"

"हवा."

"हवेने साखर वाढत नाही."

"तुझ्या आवाजाने वाढत असेल."

मी बरणी उचलून माझ्या कपाटात कुलूपबंद केली. त्याने दुसरी आणली. मी चहातली साखर काढली. तो कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन प्यायला लागला. टपरीवाल्याला मी दम दिला, तेव्हा तो पुढच्या चौकात जायला लागला, फुटक्या पायाने लंगडत. वर जहाजावरून नवऱ्याचा निरोप: "बाबांचा आकडा एवढा कसा? तुझं लक्ष कुठे असतं?" माझं लक्ष! डोळ्यांत तेल घालून मी त्या म्हाताऱ्यामागे फिरत होते, आणि हा तिकडे पाण्यावर तरंगत मला जाब विचारत होता.

म्हातारा त्या पट्टीला चुगलखोर म्हणायचा. "घरात एक चुगलखोर होतीच, आता दंडावर दुसरी." घरातली पहिली कोण ते सांगायला नकोच.

नंतर एका दुपारी फोन वेगळ्याच सुरात ओरडला. आकडा घसरला होता, धोक्याच्या रेषेच्याही खाली. मी लाँड्रीचं दार तसंच उघडं टाकून धावत सुटले. घरी आले तर म्हातारा दुकानातल्या बाकावर डाव्या कुशीवर घोरत पडलेला. मी हलवून उठवला, तोंडात साखर कोंबली. तो थू थू करत उठून बसला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आणि बघता बघता आकडा वर चढला, नेहमीच्या जागी गेला.

"त्या कुशीवर झोपू नका म्हणून सांगितलं होतं ना!" मी इतकी ओरडले की समोरच्या गॅलरीत लोक आले.

म्हातारा ओरडला नाही. फोनकडे बघत राहिला, मग आपल्या दंडाकडे. "म्हणजे काटा दाबला की उतरतो," एवढंच म्हणाला. मी रागात होते, मी त्याचा अर्थ लावत बसले नाही.

त्यानंतर घरात अचानक शांतता झाली. पट्टीसुद्धा तो आता दुकानात बसून स्वतःच बदलायचा. आकडे सुधारले. रेषा खाली आली, सरळ झाली, इस्त्री केलेल्या पँटच्या घडीसारखी. जहाजावरून फोनवर अंगठ्याचं चित्र आलं. "शाब्बास. बघ, लक्ष दिलं की होतं." डॉक्टरीणबाईला तर काय करू नि काय नको असं झालं. पायाला अजून वेळ लागेल म्हणाली, पण साखर आटोक्यात आहे म्हणून इन्सुलिन सुरू करायचं तिने रद्द केलं, गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या. "आजोबा, तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही हो."

म्हाताऱ्याने काय करावं? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "शिस्त, बाई. जन्म शिस्तीत काढला." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजवर त्याची साखर वाढवत होते. मला वाटलं, खरंच सुधारला. मनातल्या मनात मी चरफडले, पण बरंही वाटलं. पाय वाचेल. चाक चालेल. त्याची जीभही चालेल, पण ते सोसू.

मग मोजे पुन्हा ओले यायला लागले. आणि आता वास. डॉक्टरीणबाईने पायाचं बँडेज सोडलं, जखम बघितली, आणि फोनवरची रेषा पुन्हा पुन्हा मागेपुढे केली. "हे जुळत नाही," ती म्हणाली. "इतक्या चांगल्या आकड्यांवर जखम अशी काळी पडायला नको. आजोबा, रक्त काढू या." म्हाताऱ्याला तेव्हाच घेरी आली, पोटात मळमळायला लागलं, उद्या येतो म्हणाला. मी त्याला रिक्षात घालून घरी आणला. वाटेत मला वाटलं, इतकं सांभाळूनही जातोच का पाय?

त्या संध्याकाळी मी त्याचे सदरे भिजवायला घेतले. डाव्या बाहीच्या आत, दंडावर येईल अशा जागी, एक हिरवट गोल डाग. दुसऱ्या सदऱ्यालाही तिथेच. तिसऱ्यालाही. हा डाग मला माहीत होता. घामाने पितळ हिरवं पडतं, बँडवाल्यांच्या कोटांना पितळी बटणांचे असेच डाग पडतात. पण सदऱ्याला पितळी बटणं नव्हती, आणि बटणं बाहीच्या आत कुणी लावत नाही.

मी सदरा हातात घेऊन तशीच पुढच्या खोलीत गेले. किराणावाला आला होता, तोच, चपलेकडे बघत जाणारा. त्याचा तराजू टेबलावर, तो समोर हात पाठीमागे बांधून उभा, आणि म्हातारा दुरुस्तीआधी वजनं टाकून बघतोय. तोंडात लिंबाची गोळी. गालाला फुगा आलेला मला स्पष्ट दिसत होता. मी फोन बघितला. आकडा कसा, अगदी उत्तम.

"बाबा, बाही वर करा."

"गिऱ्हाईक आहे. नंतर ये."

"वर करा!"

"सूनबाई, जास्त बोलू नकोस."

मी बोललेच नाही. त्याचा हात धरला आणि बाही खांद्यापर्यंत सरकवली. दंडाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. पट्ट्याखाली पन्नास ग्रॅमचं चपटं पितळी वजन, बरोब्बर त्या पांढऱ्या पट्टीवर बसवलेलं. मी पट्टा ओढून काढला. खाली कातडीवर लालजांभळा गोल ठसा, आणि मधोमध ती बिचारी चुगलखोर, श्वास कोंडल्यासारखी चेपलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस! चार कांद्यांसाठी मला उन्हात परत पाठवणारा! माझी अक्कल तोलणारा! आणि खरं सांगते, रागाच्या खाली आनंदही होता. सापडला. एवढ्या वर्षांनी सापडला, तोही रंगेहाथ, तोही गिऱ्हाइकाच्या देखत. ते वजन मी त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "हे तुमचं राहिलं."

किराणावाल्याच्या तोंडून "अरे बापरे" एवढंच निघालं. त्याने अजून हात मागेच ठेवले होते.

म्हाताऱ्याला लाज वाटेल असं तुम्हाला वाटेल. छे! तो मला समजावून सांगायला लागला, एखाद्या शिकाऊ कारागिराला सांगावं तसं. "वीसचं लहान पडतं, सगळी पट्टी दाबली जात नाही. शंभरचं फार दाबतं, आकडा इतका उतरतो की तुझा फोन बोंब मारतो. पन्नासचं बरोबर बसतं. जेवल्यावर पट्टा एक घर आवळायचा. रात्री नुसतं त्या कुशीवर झोपलं तरी भागतं." आणि डोळ्यांत अभिमान! काम चोख झाल्याचा अभिमान!

"पण कशासाठी?" मी ओरडले. "कुणाला फसवताय? पाय कुणाचा आहे?"

"ती म्हणाली ना, आकडा खाली आला नाही तर पाय काढीन. आता आकडा खाली आहे."

"ती साखर म्हणाली! आकडा नाही म्हणाली, बाबा!"

"सरकारी तपासनीस दरवर्षी येतो. कधी दांडी उचलून बघतो का? काटा जागेवर दिसला की शिक्का मारतो आणि जातो. जन्मभर बघतोय मी. तुमची डॉक्टरीण काय वेगळी आहे?"

इथे मी त्याचा धरलेला हात सोडला. कारण म्हातारा थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. ज्याने जन्मभर लोकांचे खोटे काटे पकडले, त्याला माहीत होतं की न पकडलेला खोटा काटा खऱ्यासारखाच चालतो. दुकानात चालतोही. माल कमी गेला तर तो गिऱ्हाइकाचा जातो, दुकानदाराचं काय बिघडतं? फक्त इथे गिऱ्हाईकही तोच होता, आणि हे त्या हुशार डोक्यात शिरलंच नव्हतं.

"काका," किराणावाला हळूच म्हणाला, "तुम्ही मला वर्षभर मान वर करू दिली नाहीत हो." त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. म्हाताऱ्याची गोळी चघळायची मात्र थांबली.

मी उद्याची वाट बघितली नाही. रिक्षा बोलावली आणि तो नको नको म्हणत असताना त्याला घातला आत. ते पितळी वजन मी डॉक्टरीणबाईच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, त्याच्यासमोर, एक शब्द गाळला नाही. ती मुलगी रागावली नाही. तिने वजन उचलून हातात धरलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "मी इन्सुलिन रद्द केलं," ती म्हणाली. "या आकड्यांवर विसंबून रद्द केलं." मग रक्त काढलं. रक्ताने खरं ते सांगितलं. हाडाचा फोटो काढला. हाड गेलं होतं.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"तर बहुतेक वाचला असता," ती म्हणाली. म्हातारा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्याने ऐकलं. मी मुद्दाम हळू बोलले नाही.

पायाचा पुढचा अर्धा भाग काढला. बोटं सगळी गेली.

तो शुद्धीवर आला तेव्हा मी उशाशी होते. नवरा फोनवर होता, कुठल्याशा बंदरातून, रडत होता आणि मला म्हणत होता, हे तू आधी कसं बघितलं नाहीस. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याने डोळे उघडले, पांघरुणाखालच्या पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तोललं का?" त्याने विचारलं.

"काय?"

"काढलं ते. तोललं का कुणी?"

मला वाटलं औषधाच्या धुंदीत आहे. नव्हता. तेच डोळे, कांद्यांच्या पिशवीवर रोखलेले असायचे तेच.

"नाही तोललं."

"मग किती गेलं ते कसं कळणार?" असं म्हणून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या खांद्याला मी हात लावला नाही. लावावासा वाटला नाही, आणि त्याने लावूही दिला नसता. पण मी उठूनही गेले नाही.

घरी आलो तेव्हा किराणावाल्याचा तराजू टेबलावर तसाच होता, बिनदुरुस्तीचा. तो दुसऱ्याच दिवशी आला. म्हाताऱ्याला बघायलाच आला होता, पण म्हाताऱ्याला ते कुठलं सहन व्हायला! "घेऊन जा तो," तो म्हणाला. "धार गेलीय त्याची. माझ्याच्याने आता लागायची नाही. दुसरीकडे दाखव." किराणावाला म्हणाला, राहू द्या काका, सावकाश करा. म्हातारा खेकसला, "कशाने करू? कपाळाने चाक फिरवू?" तेव्हा त्याने तराजू उचलला आणि गेला. चाकावर कुणीतरी, म्हणजे मीच, जुनी चादर टाकली होती. म्हाताऱ्याने ती काढायला लावली. उघडंच राहू दे म्हणाला.

पट्टी बदलायचा दिवस आला. आता रोज इन्सुलिन होतं, आणि उरलेला पाय सांभाळायचा होता. डावा पाय, आणि उजव्याचं जे काही शिल्लक होतं ते. डॉक्टरीणबाईने मला एकीकडे घेऊन बजावलं होतं, आता आकडा खोटा निघाला तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून. हे तिने त्यालाही सांगितलं होतं.

म्हातारा स्टुलावर बसला होता, चाकाकडे तोंड करून. मी नवी पट्टी काढली. त्याने स्वतःच बाही वर केली. दंडावरचा तो गोल ठसा अजून पुरता गेला नव्हता. मी त्याच्या बाजूला, थोडी खाली पट्टी ठेवली आणि अंगठ्याने दाबली. तो उजवा हात उचलून दंडाकडे नेत होता, बहुतेक खाजवायला, बहुतेक नुसतं चाचपायला. मला काय माहीत? मला कसं माहीत असणार?

"हात मागे!" मी ओरडले.

माझा आवाज अगदी त्याच्यासारखा निघाला. रस्त्यावरून जाणारा एक माणूस दचकून थांबला. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू? मला वाटलं आता म्हातारा उसळेल, मला घरातून चालती हो म्हणेल, माझ्या सात पिढ्या काढेल. उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती.

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत गुंतवले. मान खाली घातली. फोनवर पहिला आकडा येईपर्यंत तसाच बसून राहिला.

आकडा वाईट होता. मी तो मोठ्याने वाचला. "खरा आहे," म्हातारा म्हणाला, आणि हात अजून मागेच होते.

"सोडा आता," मी म्हटलं. त्याने सोडले नाहीत. मला ते बघवेना. मी पुन्हा ओरडले, "सोडा म्हणते ना, बाबा!"